कॉमिक्समध्ये असं नाहीये

पहिलेभागकर म्हणजे सुपरहिरोच्या नव्या मालिकेचा पहिला भाग आल्या आल्या पाहणारा, आणि तो संपण्याआधीच सगळ्या मालिकेचा निकाल लावून मोकळा होणारा प्रेक्षक. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, एवढ्यावर इतर लोक थांबतात. याला पाळण्यातच बाळाची दहावीची टक्केवारी दिसते. वाचकाने त्याला पाहिलेले आहे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये "बघितलास का?" असे विचारून, उत्तराची वाट न पाहता "नको बघूस, वाट लावलीये" असे सांगत चौथ्या मजल्यावर उतरणारा तो हाच. पुढचे सगळे भाग तो स्वतः न चुकता बघतो, एवढे मात्र चौथा मजला येईपर्यंत सांगायचे राहून जाते.

मराठी मुलखात तो सर्वत्र असला, तरी त्याची सर्वांत दाट वस्ती मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आणि तिला लागून असलेल्या वाकड, मारुंजी, माण, म्हाळुंगे या पट्ट्यात आहे. दिवसा तो राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन फेजपैकी एकीत आढळतो. संध्याकाळी तो शिवाजी चौक आणि भूमकर चौक यांच्या दरम्यान आढळतो, आणि बराच वेळ तिथेच आढळत राहतो. वय पस्तीस ते पंचेचाळीस. मूळ गाव सांगली, लातूर, जळगाव, अमरावती यांपैकी कुठलेही, हिंजवडी नाही. हिंजवडीचे ग्रामदैवत म्हातोबा. चैत्री पौर्णिमेला त्याचे बगाड निघते आणि पाठीत गळ टोचून घेतलेला गळकरी हजारो माणसांच्या देखत वाकडकडे नेला जातो. हाडामांसाच्या माणसाच्या धाडसाचा हा प्रकार घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडतो, हे पहिलेभागकराला वाहतूक पोलिसांच्या पर्यायी मार्गांच्या सूचनेवरून कळते. त्या दिवशी तो घरून काम करतो.

शुक्रवारी त्याला टी-शर्टवरून ओळखावे. टी-शर्टवर कॅप्टन अमेरिकेची ढाल असते. ढाल मुळात गोल. पण कँटीनची थाळी, साडेचारचा वडापाव आणि दिवसभराची खुर्ची यांच्या संयुक्त दाबामुळे ती आडवी लंबगोल झालेली असते. तिच्यावर कंपनीचे ओळखपत्र लोंबते. ओळखपत्रावरच्या फोटोत त्याला केस असतात.

त्याच्या सवयी समजून घ्यायच्या तर आधी घड्याळ पाहावे लागते. डिस्नेची सेवा हॉटस्टारच्या जोडीने भारतात एप्रिल २०२० मध्ये आली आणि जानेवारी २०२१ पासून तिच्यावर मार्व्हलच्या नव्या मालिका सुरू झाल्या. नवा भाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्री बाराच्या ठोक्याला सुटायचा. कॅलिफोर्नियातले रात्रीचे बारा म्हणजे भारतात हिवाळ्यात दुपारचा दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा. ज्यांनी मालिका बनवली ते झोपेत, आणि हिंजवडीत बरोबर जेवणाची सुट्टी. ज्या देशातल्या क्लायंटच्या सोयीसाठी पहिलेभागकर वर्षानुवर्षे रात्री साडेनऊला कॉलवर बसला, त्या देशाने एकदा तरी त्याच्या पोळीभाजीची वेळ सांभाळली. क्लायंटच्या आधी बघून होते, हे सुख निराळेच. रात्री कॉलवर पलीकडून "मला अजून बघायचाय" असे उत्तर आले की त्या दिवशीचे दोन बग तो हुज्जत न घालता आपल्या नावावर घेतो.

पहिलेभागकराची मुख्य खूण म्हणजे एक वाक्य. "कॉमिक्समध्ये असं नाहीये." भागाच्या साधारण सहाव्या मिनिटाला तो ते प्रथम उच्चारतो आणि नंतर दर चार मिनिटांनी. आवाज चढत नाही. रक्ताचा रिपोर्ट हातात घेतलेला डॉक्टर काढतो तसा एक "हं" आधी येतो, मग वाक्य येते. नायकाच्या टोपीला शिंगे आखूड आहेत: हं, कॉमिक्समध्ये असं नाहीये. खलनायक अजून आलाच नाही: कॉमिक्समध्ये असं नाहीये. नायिकेचे लग्न झालेले आहे: कॉमिक्समध्ये झालंय, पण असं नाही. वापर इतका वाढतो की वाक्य मालिकेच्या कुंपणाबाहेर पडते. कँटीनच्या मिसळीवर फरसाणाऐवजी नुसती शेव पडलेली पाहून एका पहिलेभागकराच्या तोंडून "कॉमिक्समध्ये..." एवढे निघून गेले होते. वाढप्याने पुढचे ऐकायला डाव हातात धरून वाट पाहिली.

ती कॉमिक्स पहिलेभागकराने वाचलेली नसतात. ज्या गावात तो वाढला, तिथल्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलला चांदोबा, चंपक आणि चाचा चौधरी मिळत. ज्या 'हाऊस ऑफ एम'चा दाखला तो उठता बसता देतो, ते २००५ साली निघाले. तेव्हा तो कँपस इंटरव्ह्यूच्या तयारीत होता आणि अ‍ॅप्टिट्यूडच्या गाइडखेरीज काही वाचत नव्हता. कॉमिक्सविषयीचे त्याचे सगळे ज्ञान दहा-बारा मिनिटांत कथानक समजावून सांगणाऱ्या व्हिडिओंमधून आलेले असते. ते व्हिडिओ तो दीडपट वेगाने बघतो. निकालही तो त्याच वेगाने सांगतो.

या जातीचा अभ्यास करायला २०२१ चे पहिले सहा महिने सर्वांत सोयीचे. कंपन्या घरून चालत होत्या, गावाकडचे आईवडील फ्लॅटमध्ये येऊन राहिले होते, आणि पहिला भाग, दुपारचे जेवण व स्टेटस कॉल हे तिन्ही एकाच दिवाणखान्यात उरकले जात होते.

१५ जानेवारीला 'वांडाव्हिजन'चे पहिले दोन भाग एकदम आले. दीड वर्ष मार्व्हलचा नवा चित्रपट आलेला नव्हता, त्यामुळे भूक मोठी होती. आणि प्रथमग्रासे मक्षिकापात. पहिला भाग कृष्णधवल, चित्र जुन्या टीव्हीसारखे चौकोनी, मागे प्रेक्षकांचे हसणे. १९५० च्या दशकातल्या अमेरिकन विनोदी मालिकेची हुबेहूब नक्कल. पहिलेभागकराने आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रंग तपासले, मग एचडीएमआयची वायर काढून फुंकर मारून परत बसवली. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "जुना पिच्चर लागलाय का रे? राहू दे, चांगला असतो," आणि पदराला हात पुसत येऊन बसली. नवऱ्याचा साहेब सपत्नीक जेवायला येतो, बायकोला वेगळेच काही वाटलेले असते, घरात काहीच तयार नसते आणि तिची तारांबळ उडते, एवढी गोष्ट. इंग्रजीचा एक शब्द न कळता आईला ती सगळी कळली. साहेबाच्या घशात घास अडकला तेव्हा "अरे पाणी द्या कुणीतरी" असे तीच पहिली ओरडली.

"कॉमिक्समध्ये असं नाहीये," चिरंजीव म्हणाले.

"घरात असंच असतं," आई म्हणाली.

निकाल त्याच दुपारी लागला: वाट लावलीये. त्यानंतर ५ मार्चपर्यंत त्याने नऊच्या नऊ भाग पाहिले. शेवटच्या भागात नायिका वांडा आपल्या मुलांना झोपवून दिवा मालवते, तेव्हा त्याला एसीची सर्व्हिसिंग करून घ्यायची एकाएकी आठवण झाली आणि तो फिल्टर बघायला उठला.

१९ मार्चला 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'चा पहिला भाग आला. सुरुवातीला हेलिकॉप्टरे आणि हवेतली मारामारी. मग कथा एका बँकेत शिरते. पंख लावून उडणारा, जग वाचवायला हातभार लावलेला सॅम विल्सन बहिणीला घेऊन कर्ज मागायला आलेला असतो. बँकेचा माणूस त्याला ओळखतो, त्याच्याबरोबर फोटो काढायला उत्सुक असतो, आणि उत्पन्नाचे विचारतो. निम्मे विश्व नाहीसे झाले त्यात सॅमही गेला आणि मधली पाच वर्षे अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे उत्पन्नाचा पत्ता नाही. कर्ज नामंजूर. वाकड ते माण या पट्ट्यात या प्रसंगाला जी शांतता पसरली, ती कुठल्याही स्फोटाला पसरलेली नव्हती. आकाशातून उडता येते पण सॅलरी स्लिप नाही, या अवस्थेचे गांभीर्य पूर्णपणे कळणारा प्रेक्षक इथे मजल्यामजल्यावर होता. त्या भागापुरते पहिलेभागकराने आपले वाक्य वापरले नाही. "सिबिल किती असेल रे त्याचा?" एवढेच त्याने विचारले, आणि बराच वेळ कुणी बोलले नाही.

९ जूनला 'लोकी' आला. बुधवार होता, मधल्या वारी, भर कॉलच्या दिवशी मालिका सोडणे हा पहिलेभागकराला वैयक्तिक अन्याय वाटला. खोडसाळ देव लोकी काळाची शिस्त मोडल्याबद्दल पकडला जातो आणि काळाचा कारभार पाहणाऱ्या एका कार्यालयात आणला जातो. तिथे नंबराचे टोकन घ्यावे लागते. शेजारचा माणूस टोकन घेत नाही, त्याची जागच्या जागी वाफ होते. आजवर तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द छापलेला गठ्ठा समोर येतो, त्यावर सही करायची असते. ज्या रत्नांपायी निम्मे विश्व नाहीसे झाले, ती एका कारकुनाच्या खणात पडलेली असतात आणि तिथली मंडळी ती कागदावर वजन म्हणून ठेवतात. शेवटी एका टेबलाशी बसवून लोकीला त्याच्या आयुष्यातल्या अपयशांची चित्रफीत दाखवली जाते. हे अप्रेझल आहे, हे हिंजवडीला कुणी समजावून सांगावे लागले नाही. पहिलेभागकर मात्र म्हणालाच, की कॉमिक्समध्ये असं नाहीये. वास्तविक हे कार्यालय कॉमिक्समध्ये १९८६ पासून आहे, आणि तिथेही ते असेच फायलींनी भरलेले, असेच रुक्ष आहे. 

त्याचे म्हणणे खरे ठरल्याची एक नोंद आहे. ८ जून २०२२ ला 'मिस मार्व्हल'चा पहिला भाग आला. जर्सी सिटीतली कमला खान, पाकिस्तानी घरातली शाळकरी मुलगी. तिला एव्हेंजर्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचे असते. आई नाही म्हणते. मग तोडगा निघतो, की वडिलांनी हल्क बनून बरोबर जावे, आणि मुलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे होते. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आणि मारुंजीतल्या मराठी घरांत हा प्रसंग सारखाच कळला. कॉमिक्समधली कमला २०१३ साली अवतरली, आणि तिची शक्ती अंग हवे तसे ताणण्याची आहे. मालिकेत मात्र तिची शक्ती आजीकडून आलेल्या कड्याशी जोडलेली असून हातातून प्रकाशाचे घट्ट आकार निघतात. "कॉमिक्समध्ये असं नाहीये," पहिलेभागकर म्हणाला, आणि या वेळी ते शब्दशः खरे होते. कोणाचे लक्ष नव्हते. बायकोला कमलाची बाजू पटत होती, आईला कमलाच्या आईची. आणि दोघी मिळून ते कडे सोन्याचे आहे की बेंटेक्सचे, याचा निर्णय करत होत्या.

पहिलेभागकराचे काही पोटभेद आढळतात. 'एकदम-बघणारा' हा सगळे भाग येईपर्यंत थांबतो आणि तोवर कानांवर हात ठेवून कँटीनमध्ये फिरतो. त्याला काही सांगायचे नसते, म्हणून सगळे त्यालाच सांगतात. 'शेवटचा-प्रसंगवाला' भाग पाहत नाही, नामावलीनंतरचा चोरटा प्रसंग तेवढा पाहतो आणि मूळ कथा त्यावरून ताडतो. 'शक्तिमानवादी' कुठल्याही भागावर "आपला शक्तिमान बरा होता" एवढेच मत देतो आणि उरलेला वेळ चहा पितो. सर्वांत कडवा भेद ग्राफिक्स-परीक्षकाचा. हा पेशाने टेस्टर असतो. चित्र थांबवून तो बोटांच्या कडा बघतो, केसांच्या बटा बघतो, सावली कुठल्या बाजूला पडली ते बघतो, आणि दोष क्रमांक, तीव्रता व पुन्हा कसा दिसेल याची कृती यांसह टपरीवर तोंडी अहवाल देतो. फेज दोनच्या टपरीवर हे चौघे एकत्र आले की चहावाला कटिंगचे पैसे आधी मागून घेतो. वाद सुरू झाला की पैसे कुणी द्यायचे याचे भान राहत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

घरातला खरा जाणकार कोपऱ्यात बसलेला असतो, तो म्हणजे पहिलेभागकराचे वडील. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत आणि मराठीतही मिळत. त्यांतला वेताळ वडिलांनी शाळेच्या दप्तरात लपवून वाचलेला असतो. कवटीच्या अंगठीचा ठसा, खोल जंगलातली गुहा, वेताळाचा घोडा, सगळे तोंडपाठ. म्हणजे या घरात सुपरहिरोचे कॉमिक्स खऱ्या अर्थाने वाचलेला माणूस एकच, आणि कॉमिक्समध्ये काय आहे नि काय नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. मुलगा बोलत असताना ते पेपरातले शब्दकोडे सोडवतात. एकदा त्यांनी मान वर करून "घोडा दाखवला का रे याच्यात?" असे विचारले होते. नाही म्हटल्यावर ते कोड्याकडे वळले.

या सवयीचे मूळ १९९७ मध्ये सापडते. त्या सप्टेंबरात दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला. मुकेश खन्ना यांचा शक्तिमान आणि चष्मेवाला, बावळट पंडित गंगाधर, ही जोडी पुढे २००५ पर्यंत चालली आणि एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली. ज्या पिढीने ती मालिका पहिल्यापासून पाहिली, तीच आज हिंजवडीत टीम लीड आहे. गल्लीतल्या ज्या घरी टीव्ही, तिथे बाहेर पंचवीस चपलांचे जोड. एक मुलगा गच्चीवर अँटेना फिरवतोय, एक खिडकीत उभा राहून "आलं, आलं, गेलं" असे ओरडतोय. आणि नेमका गंगाधर गोल फिरायला लागला की वीज जाणार. अर्धाच भाग पाहिलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी वर्गात उरलेला अर्धा स्वतः रचून सांगितला. रचलेल्या भागात शक्तिमान गावच्या धरणावर येऊन गेला होता. मधली सुट्टी संपेपर्यंत अख्खा वर्ग त्याच्याभोवती होता. मग तालुक्याच्या गावी मामाकडे, इन्व्हर्टर असलेल्या घरी, पूर्ण भाग पाहून आलेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "खऱ्या भागात असं नव्हतं." घोळका तत्क्षणी त्याच्याकडे सरकला. पुराव्यानिशी बोलणाऱ्याचे वजन काय असते, हे भावी पहिलेभागकराने तिथे पाहिले. त्यानंतर तो कायम मूळ प्रतीच्या बाजूने उभा राहिला; मूळ प्रत हाताशी असो वा नसो.

पुढे आयुष्याने त्याला या बाजूला राहण्याची कारणेही भरपूर दिली. ऑफर लेटरमध्ये पद एक होते, रुजू झाल्यावर काम दुसरे निघाले. फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये पोहण्याचा तलाव, गवताची हिरवळ आणि त्यावर धावणारे सोनेरी कुत्रे होते; ताबा मिळाला तेव्हा तलावात गळती, हिरवळीच्या जागी ट्रान्सफॉर्मर आणि रोज संध्याकाळी पाण्याचा टँकर. नकाशात ऑफिस दहा मिनिटांवर होते. मेट्रोचे खांब माणपासून शिवाजीनगरपर्यंत तेवीस किलोमीटर उभे राहत गेले. त्यांच्या सावलीत गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवत त्याने जितके दिवस काढले, तितक्यात २०१८ साली बंद पडलेला 'डेअरडेव्हिल' परतही आला. बिल्डरला, मॅनेजरला, वाहतूक पोलिसाला "मूळ आराखड्यात असं नाहीये" असे सांगून काही होत नाही, हे त्याला माहीत असते. ऐकून घेणारा, उलट न बोलणारा आणि रिमोटने थांबवता येणारा असा या व्यवहारातला एकच पक्ष त्याच्या वाट्याला येतो, तो म्हणजे टीव्ही. म्हणून इतक्या वर्षांची तक्रार तिथे निघते, आणि बिचाऱ्या लोकीच्या शिंगांवर बसते.

याउपर पहिलेभागकराविषयी एक बरी गोष्टही नोंदवावी लागते. तो नामावली शेवटपर्यंत पाहतो. सुरुवात अर्थातच स्वार्थापोटी, शेवटचा चोरटा प्रसंग चुकू नये म्हणून. १८ ऑगस्ट २०२२ ला 'शी-हल्क'चा पहिला भाग आला. हिरव्या नायिकेच्या चेहऱ्याला ट्रेलरपासूनच नावे ठेवली जात होती, आणि ग्राफिक्स-परीक्षक मंडळींनी आपली शस्त्रे आधीच पाजळून ठेवली होती. "आमच्या इंटर्नने याहून बरं केलं असतं," हे पहिलेभागकराचे त्या दिवसाचे मत. मग नामावली सुरू झाली. व्हीएफएक्स कंपन्यांच्या खाली बारीक अक्षरांत नावांच्या रांगा. त्यांत देशी नावे एकामागून एक. एका रांगेवर त्याने चित्र थांबवले. आडनाव आपल्याकडचे होते. तो टीव्हीच्या जवळ गेला आणि उभ्याउभ्या ते पूर्ण नाव वाचले. त्याच्या स्वतःच्या इतक्या वर्षांच्या कामावर, अमेरिकेतल्या बँका आणि विमा कंपन्या ज्यावर चालतात त्या सगळ्या कोडवर, त्याचे नाव कुठेच दिसत नाही. या माणसाचे निदान अर्धा सेकंद दिसत होते.

"डेडलाइन कमी दिली असणार," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि रिक्वायरमेंट शेवटच्या आठवड्यात बदलली असणार."

त्याचा हा अंदाज कॉमिक्सच्या ज्ञानापेक्षा पुष्कळ पक्का होता. त्याच उन्हाळ्यात व्हीएफएक्सचे कारागीर मार्व्हलच्या कामातले लांबलेले तास आणि ऐनवेळचे बदल यांबद्दल उघड बोलू लागले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमुखाने युनियनच्या बाजूने मत दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही याच धंद्यातली जुनी कंपनी कोसळली, तेव्हा तिची भारतातली कामेही बंद पडली. ती बातमी टपरीवर आली त्या दिवशी ग्राफिक्स-परीक्षकाने कुठलाही दोष क्रमांक उच्चारला नाही. चहाचे पैसे पहिलेभागकराने दिले, आणि चहावाल्याने ते दोनदा मोजले.

'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन' ५ मार्च २०२५ ला आला, तोवर वेळ बदलली होती. नवे भाग आता भारतात सकाळीच येऊ लागले. जेवणाची सुट्टी हातची गेली, पण कंपनीच्या बसची वेळ हाती आली. कोथरूडहून बसलेल्या पहिलेभागकराने कानात इअरफोन घालून दोन भाग लागोपाठ लावले. पहिल्याच भागात जुन्या सोबत्यांपैकी एकाला गोळी घातली जाते. बस तेव्हा वाकडच्या पुलावर उभी होती. शेजारच्या सीटवर डुलकी घेत असलेल्या तरुण सहकाऱ्याला कोपराने हलवून तो काही बोलणार होता. तोंड उघडले, "हं"ही निघाला. मग त्याने एक इअरफोन काढून त्या पोराच्या कानात घातला आणि भाग सुरुवातीपासून लावला. शिवाजी चौक येईपर्यंत त्याने एकच वाक्य उच्चारले, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

पहिलेभागकराच्या निकालाचा उपयोग कसा करावा, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. त्याने "वाट लावलीये, नको बघूस" असे सांगितले, तर मालिका जरूर बघावी. तो स्वतः ती शेवटच्या नावापर्यंत बघणार आहे. "कॉमिक्समध्ये असं नाहीये" असे तीनदा म्हणाला, तर घरच्यांना घेऊन बघावी. आणि लिफ्टमध्ये भेटून, चौथा मजला येऊनही तो मालिकेविषयी काहीच बोलला नाही, तर मात्र तिच्यावर वेळ घालवू नये.